आज एक दगड जाणार

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या त्या घराच्या फाटकाला एक फळा टांगलेला असे. शाळेतल्यासारखा काळा, लाकडी चौकटीचा, आणि पावसाने अक्षरं पुसू नयेत म्हणून वर पत्र्याची पट्टी ठोकलेला. मी खोली बघायला गेले त्या सकाळी त्यावर हिंदीत काही ओळी होत्या आणि त्याखाली मराठीत लिहिलं होतं: ‘आज दुपारी एक दगड जाणार आहे. ऑटोएवढा. चंद्राच्या बऱ्याच पलीकडून. काळजी नसावी.’

मी ते दोनदा वाचलं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे मराठी वाचताना काही विचित्र दिसलं की आपलंच चुकलं असेल असं मला आधी वाटतं. मग हिंदी वाचलं. तिथेही दगडच होता.

फाटक उघडायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी त्याबद्दल विचारलं नाही. अनोळखी माणसांना मी सहसा काही विचारत नाही. त्यांनीही मला गाव, आडनाव, लग्न यांपैकी काही विचारलं नाही. वरच्या खोलीपाशी नेलं, शर्टाच्या खिशातून स्टीलच्या पातळ पात्यांचा एक जुडगा काढला, पंख्यासारखा उलगडला, त्यातलं एक पातं दाराखालच्या फटीत सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "पाल येणार नाही. झुरळ येईल. चालेल?"

मी "चालेल" म्हणाले. त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं.

त्यांना मी काका म्हणत असे. गल्लीत ते साहब होते. जवळच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि काकू त्याआधीच गेल्या होत्या. कारखान्यात वीज तयार करणारी अवजड यंत्रं बनत. काकांचं तिथलं काम आयुष्यभर एकच: यंत्राचा फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामधली फट मोजायची आणि ती बरोबर आहे असं लिहून सही करायची. पात्यांचा तो जुडगा त्याच कामाचा. त्याला फीलर गेज म्हणतात हे मला नंतर कळलं.

"घराएवढं चाक फिरतं," ते सांगत. "बाजूला लोखंडाची भिंत. मध्ये नखाएवढी जागा. तेवढी राहिली तर वीज, नाही राहिली तर भंगार. आता ह्या पेपरवाल्यांना विचार. चाक भिंतीच्या जवळून गेलं की ते छापतील, भयंकर, थोडक्यात वाचलो! अरे, थोडक्यात वाचलो काय? जवळून जातंय आणि लागत नाहीये, म्हणजे काम नीट चाललंय."

निवृत्तीनंतर त्यांना मोजायला फटी उरल्या नाहीत. घरातल्या सगळ्या मोजून झाल्या होत्या. कुकरचं झाकण, खिडक्यांच्या कड्या, स्कूटर आणि भिंत. मग भाच्याने दिल्लीहून टॅब्लेट पाठवला आणि त्यावर त्यांना पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची यादी सापडली. कोणता दगड, केवढा, केव्हा, किती अंतरावरून. रोज नवी. "सगळ्यात मोठं फिरणारं यंत्र," ते म्हणाले, "आणि फटींचा हिशेब आयता."

लघुग्रह हा शब्द ते वापरत नसत. ग्रह म्हटलं की लोक पत्रिका काढतात, असं त्यांचं म्हणणं. दगड म्हणायचं.

सकाळी चहाच्या आधी यादी बघायची, परदेशी वेळेत साडेपाच तास मिळवायचे, आणि फळा लिहायचा. आकारासाठी बातम्यांमध्ये येणारी फुटबॉलची मैदानं आणि विमानं त्यांना चालत नसत. "ह्या गल्लीत कोणी विमान बाजूला उभं राहून पाहिलंय?" म्हणून त्यांची मापं गल्लीतली होती. सगळ्यात लहान दगड हातगाडीएवढा. मग ऑटो, मग शाळेची बस, मग पाण्याची टाकी. टाकीच्या वर गेलं की ते ‘बराच मोठा’ लिहीत आणि अंतराखाली रेघ मारत.

मी राहायला आल्यावर काही दिवसांनी त्यांचा मोतीबिंदू वाढला आणि बारीक अक्षरांची ती यादी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी आकडे इंग्रजीत वाचत असे.

"फोर्टी-नाइन," मी म्हणायचे.

"म्हणजे किती?"

"चाळीस... नऊ."

"चाळीस-नऊ? बेटा, तो दगड भाजी बाजारात विकायचा असता तर तुला दोनदा फसवलं असतं. एकोणपन्नास म्हण."

"एकोणपन्नास."

"एकोणसाठ नाही ना? दहाचा फरक आहे. नीट बघ."

अशी मी विशीच्या शेवटी मराठी आकडे शिकले. आई-बाबा बाबांच्या निवृत्तीनंतर नाशिकला गेले होते आणि मी एका आर्किटेक्टकडच्या नोकरीसाठी भोपाळमध्येच थांबले होते. आईला फोनवर मी "एकोणऐंशी" म्हणाले तेव्हा तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

हा फळा मुळात कशासाठी, हे मला समोरच्या घरातल्या खालाने सांगितलं. खाला म्हणजे मावशी; सगळी गल्ली तिला तेच म्हणे. खाला शिवणकाम करायची. गॅसच्या त्या रात्री ती स्टेशनजवळ राहत होती. माहेरची माणसं तिथेच गेली. मग लग्न होऊन इकडे आली. काही वर्षांपूर्वी टीव्हीवर एका संध्याकाळी पेटलेला दगड पृथ्वीकडे येताना दाखवत होते, खाली लाल पट्टी, ढोल. खालाने ते पाहिलं, एक पिशवी भरली, ओल्या चादरी खिडक्यांना लावल्या आणि दाराशी बसून राहिली. काका समोरून पाहत होते. ते गेले आणि टॅब्लेट दाखवून समजावलं, की हा चंद्राच्याही पलीकडून चाललाय.

"मैंने कहा, साहब, मुझे पढ़ना कहाँ आता है इसमें. आप लिख के टाँग दो," खाला म्हणाली. "रोज़ टाँग दो. मैं देख लूँगी, फिर चाय चढ़ाऊँगी."

तेव्हापासून रोज. पुढे गल्लीची सवयच झाली. भाजीवाला गाडी थांबवून विचारायचा, "साहब, आज क्या निकल रहा है?" आणि काका भेंडी निवडता निवडता सांगायचे, "एक बस. शाम को." मराठी ओळी वाचणारं त्या गल्लीत माझ्याआधी कोणी नव्हतं. तरी त्या असत. मी एकदा विचारलं, मराठीत कोणासाठी? ते म्हणाले, "सवयीसाठी." त्यांचे वडील राजधानी भोपाळला हलली तेव्हा सचिवालयाबरोबर नागपूरहून आलेले कारकून. तुलसी नगरच्या क्वार्टरमधून नागपूरला जी पत्रं जायची ती सगळी ‘काळजी नसावी’ने संपायची. आईला ताप असला तरी. काकांना लहानपणीच ते खटकलं होतं.

म्हणून फळ्यावर ते दोन शब्द ते तपासल्याशिवाय लिहीत नसत. एखाद्या दगडाचं अंतर यादीत पुरेसं पक्कं नसेल तर शेवटची ओळ रिकामी राहायची. तसं सहसा होत नसे, पण झालं की खाला फाटकाशी येऊन उभी राहायची.

"साहब, चिंता वाली लाइन नहीं है."

"अभी हिसाब पूरा नहीं आया."

"तो चाय चढ़ाऊँ कि नहीं?"

"चढ़ा लो. दोपहर तक बता दूँगा."

आणि दुपारी ते खरोखर ओळ लिहायला बाहेर यायचे.

त्यांना राग यायचा तो गेल्यावर कळणाऱ्या दगडांचा. सूर्याच्या बाजूने येणारे दगड उजेडामुळे दिसत नाहीत आणि काही तर पृथ्वीजवळून पुढे गेल्यावरच सापडतात. अशा दिवशी फळ्यावर असायचं: ‘परवा एक गेला. हातगाडीएवढा. चंद्राच्या अलीकडून. आज कळलं.’ खाली काही नाही. खालाला मात्र असे दगड आवडायचे. "जो निकल गया उससे क्या डरना," म्हणून ती निवांत मशीनवर बसायची.

एकदा जवळच्या शाळेने त्यांना विज्ञानावर बोलायला बोलावलं. टॅब्लेट जोडून द्यायला मी बरोबर गेले होते. काकांनी चांगलं सांगितलं. फळ्यावर चाक काढलं, भिंत काढली, मुलं रमली. शेवटी तिसरी-चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "अंकल, कभी हमारे ऊपर गिरेगा?"

काकांनी विचार केला. खरोखर केला, हनुवटी चोळत. "कभी तो कोई गिरेगा," ते म्हणाले. "बहुत पहले गिरे भी हैं."

मुलीचा ओठ थरथरला. बाईंनी घाईने सांगितलं, "अंकल मज़ाक कर रहे हैं. नहीं गिरेगा, है ना, सर?"

"आज नहीं," काका म्हणाले. "कल भी नहीं. जितनों का हिसाब लगा है उनमें से कोई नहीं. जो अभी तक दिखा ही नहीं, उसका मैं कैसे बोल दूँ?"

मुलगी रडायला लागली आणि तिच्या मागच्या दोघी पण. आम्हाला चहा मिळाला, पण उभ्याने. घरी येताना स्कूटरवर ते म्हणाले, "मी चुकीचं काय बोललो?" मी मागे बसून "काही नाही" म्हणाले. त्यांनी चुकीचं काही म्हटलं नव्हतंच.

संध्याकाळी ते गच्चीवर टाकीतलं पाणी बघायला येत आणि मी दोरीवरचे कपडे काढायला. तिथे एकदा मी आपणहून विचारलं, की एकदा गेलेला दगड परत येतो का.

"काही येतात. पण त्याच वाटेने नाही," ते म्हणाले. "पृथ्वी ओढते ना त्याला. आपटत नाही, निघून जातो, पण वाट जराशी वाकते. जितका जवळून जाईल तितकी जास्त. मग पुढच्या खेपेचं गणित पहिल्यापासून मांडायचं."

वर्षातून एक-दोनदा काका दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर हबीबगंज स्टेशनला जात. स्टेशनचं नाव बदललंय, पण गल्लीत ते हबीबगंजच. तास-दीड तासाने परत येत, हातात काही नाही, बरोबर कोणी नाही. भोपाळमध्ये मराठी घरातलं माणूस असं स्टेशनला गेलं की त्याच्या हातात डबा असतो. आपली नागपूरची, पुण्याची माणसं दिल्लीकडे जाताना भोपाळवरून जातात, आणि गाडी उभी असते तेवढ्यात खिडकीशी नाहीतर दाराशी जाऊन पोळी-भाजीचा डबा द्यायचा, चेहरा बघायचा, "वाळलीस गं" म्हणायचं आणि हात हलवायचा. माझ्या आईनेही असे कितीतरी डबे पोचवलेत, नात्यात नसलेल्यांनासुद्धा. म्हणून काकांचं रिकाम्या हाताने जाणं माझ्या लक्षात राहिलं होतं.

त्या वर्षी थंडी सुरू होताना एका सकाळी मी खाली आले तर स्वयंपाकघरात कोथिंबिरीचा ढीग होता आणि काका सांबारवड्या वळत होते. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वड्या फाटत होत्या. त्यांनी मला यादी वाचायला सांगितली नाही.

"बेटा, तुला आज सुट्टी आहे ना? स्टेशनवर एक डबा द्यायचाय. माझ्या बहिणीला. नागपूरहून दिल्लीला चाललीय. बी-टू बोगी."

"तुम्ही येणार नाही?"

"येणार. पण मी लांब उभा राहीन."

मी काही विचारलं नाही. बहुतेक त्यामुळेच त्यांनी सांगितलं, वड्या तळता तळता, तेलाकडे बघत.

काही वर्षांपूर्वी बहिणीचे यजमान नागपूरला दवाखान्यात होते, अगदी शेवटाला. काका गेले, डॉक्टरांशी बोलले, रिपोर्ट वाचले. बाहेर बाकावर बहीण बसली होती. तिने विचारलं, "दादा, तू सांग. काळजी नाही ना?"

"मी म्हटलं, असं मला म्हणता येणार नाही."

"मग?"

"मग ते दोन दिवसांनी गेले. नंतर ती म्हणाली, तू नुसतं हो म्हणाला असतास तर ते दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले तरी असते. नुसती रडत बसले. तुझ्यामुळे." काकांनी झारा निथळला. "तेव्हापासून बोलत नाही. भोपाळवरून जाते-येते, कळवत नाही. भाचा गुपचूप गाडी कळवतो."

नागपूरहून परतल्यापासून काका गाडीत बसले नव्हते. भोपाळबाहेर कुठेच गेले नव्हते.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तिलाच गाठ निघालीय. पोटात. परवा दिल्लीला ऑपरेशन." गॅस बंद करून ते म्हणाले, "डबा माझा आहे असं सांगू नकोस. घेणार नाही."

"मग कोणाचा म्हणू?"

त्यांना हे सुचलं नव्हतं. खोटं बोलायची वेळ आली की त्यांना काहीच सुचत नसे. शेवटी म्हणाले, "वास घेईल तेव्हा कळेलच तिला. तोवर गाडी सुटलेली असेल."

स्टेशनवर आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. ह्या गाडीची कोणती बोगी कुठे थांबते ते काकांना माहीत होतं. इतक्या खेपा त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मला एका खांबाशी उभं केलं, पायाने फरशीवर रेघ दाखवली आणि म्हणाले, "दार बरोबर इथे येईल. एवढंसं इकडेतिकडे." मग ते प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि पाण्याच्या नळांच्या भिंतीमागे उभे राहिले. तिथून गाडी पूर्ण दिसते आणि गाडीतून माणूस दिसत नाही, असं त्यांनी पाहून ठेवलं होतं.

मी डबा छातीशी धरून उभी होते. काय बोलायचं ते मनात म्हणत होते. "नमस्कार, मावशी." नको, "नमस्कार, आत्या." दोन्ही खोटंच वाटत होतं.

गाडी आली. इंजिनामागून जे डबे येतील असं काकांनी सांगितलं होतं ते आलेच नाहीत. माझ्या रेघेवर जनरलचं दार येऊन थांबलं आणि माणसं अंगावर उतरली. मी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. एका हमालाने माझं तोंड बघून विचारलं, "कौन-सी बोगी, मैडम?"

"बी-टू."

"आज गाड़ी उल्टी लगी है. बी-टू उधर, एकदम पीछे. नल के पास. भागो!"

मी धावले. मी चारचौघांत धावत नाही. पण धावले, ट्रॉल्यांना अडखळत, "साइड, भैया, साइड" असं ओरडत. नळांजवळ पोचले तेव्हा बी-टूचं दार नळांच्या भिंतीसमोरच होतं, आणि दारात दांडा धरून पांढऱ्या केसांच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. खाली काका, हात मागे बांधून. मधे एका पावलाचं अंतर.

"...अन् हात हलवत आलास?" त्या म्हणत होत्या.

"डबा तिकडे आहे. गाडी उलटी आली."

"गाडी नाही उलटी आली. मागच्या खेपेला पण ह्याच भिंतीमागे होतास. त्याच्या मागच्या पण. तुला काय वाटलं, मला दिसत नाही? टक्कल चमकते बाप्पा तुझं."

काकांनी डोक्यावरून हात फिरवला. मी डबा पुढे केला, पण दोघांचंही लक्ष नव्हतं.

"परवा ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग सांग."

"काय?"

"तेच. काळजी नाही ना?"

समोरचा सिग्नल हिरवा झाला होता. मला वाटलं, आता तरी म्हणा. मनातल्या मनात मी त्यांना अक्षरशः ढकलत होते. एकदाच म्हणा, कोण तपासणार आहे.

काकांनी हनुवटी चोळली. "असं मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

त्या हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही. "मेल्या, तू मरेपर्यंत असाच राहणार."

गाडीने हलकासा झटका दिला.

"मी काही पाहिलेलं नाही," काका म्हणाले. "रिपोर्ट नाही, डॉक्टर नाही. बघितल्याशिवाय कसं सांगू? सरक."

"काय?"

"सरक मागे. मला चढू दे. येतो, बघतो, मग सांगतो."

"अरे, तिकीट? अन् पायात स्लीपर आहेत तुझ्या!"

"सरक गं."

त्यांनी दांडा धरला, एक पाय पायरीवर टाकला आणि बहिणीने दंडाला धरून त्यांना आत ओढलं. आता गाडी खरोखर निघाली. मी दोन पावलं बरोबर पळून डबा त्यांच्या हातात कोंबला. ते दारातून वाकून ओरडले, "बेटा, फळा!" आणि लांब गेल्यावर पुन्हा काहीतरी. ते बहुधा दुधाबद्दल होतं, कारण घरी आले तेव्हा दूध ओट्यावर नासलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी उघडली, साडेपाच तास मिळवले, पुन्हा मिळवून पाहिले आणि फळ्यावर लिहिलं. माझं अक्षर मराठीत शाळकरी आहे. खाला समोरून बघत होती.

"साहब बीमार हैं क्या?"

मला सांगावं लागलं. मग भाजीवाल्याला सांगावं लागलं, मग शेजारच्या घरातल्यांना. त्या गल्लीत दीड वर्षात जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या सकाळी बोलले.

"बिना टिकट?" खालाने तोंडावर हात ठेवला. "साहब?"

काकांचे मेसेज तारेसारखे असत. ‘पोचलो. टीटी मला रागावला. ही टीटीला रागावली. सांबारवडीत मीठ कमी म्हणते, पण संपवली.’ मग, ‘ऑपरेशन झालं. गाठ तपासायला पाठवली. रिपोर्ट नाही.’ मग बरेच दिवस नुसतं, ‘रिपोर्ट नाही. ही भाच्याच्या बायकोला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते. बहुतेक खोट्या.’

एकदा मी लिहिलं, ‘काळजी करू नका, काका.’ पाठवण्याआधी पुसलं. माझ्याकडे तरी काय पुरावा होता. त्याऐवजी पाठवलं, ‘आज दोन. दोन्ही चंद्राच्या पलीकडून.’ लगेच उत्तर आलं, ‘आकार?’

मी आता भोपाळमध्ये नाही. पुढच्याच वर्षी पुण्याला नोकरी लागली. काका मला आठवतात ते फळ्याजवळ नाही, गाडीच्या दारात, एका पायात स्लीपर नसलेले. ती दुसरी स्लीपर मी प्लॅटफॉर्मवरून उचलून आणली होती. पुढे बरेच दिवस ती फाटकाच्या आत पडून होती.

रिपोर्टचा मेसेज आला तेव्हा मी अजून भोपाळमध्येच, ऑफिसात होते. ‘रिपोर्ट आला. मी स्वतः वाचला, भिंग घेऊन. डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, ते वैतागले. तिला सांगितलं. तुलाही सांगतो. काळजी नसावी.’

संध्याकाळी घरी आले. फळ्यावर सकाळचा दगड होता, दुपारीच निघून गेलेला. मी तो पुसला आणि वर काही न लिहिता फक्त शेवटची ओळ लिहिली, हिंदीत आणि मराठीत. खाला मशीन सोडून रस्ता ओलांडून आली. डोळे बारीक करून वाचलं.

"आज कौन-सा था, बेटी? ऊपर तो कुछ लिखा ही नहीं."

"निकल गया, खाला."

"पास से?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून तिला फट दाखवली.